भरलेली टर्की: सारणही शिजावं आणि छातीही कोरडी पडू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर न्यू जर्सीत, गुरुवारी थँक्सगिव्हिंगला दहा माणसं जेवायला, त्यातली तीन शाकाहारी. जेवण दुपारी साडेचारला. १४ पौंडांची गोठवलेली टर्की आणून ठेवली आहे आणि ती पोटात सारण भरूनच करायची आहे. मागच्या वर्षी छाती पार कोरडी पडली आणि तरीही आतलं सारण मधोमध कोमट, गिच्च राहिलं. दोन्ही एकदम कसं बिघडलं, आणि यंदा काय करावं?

दोन्ही एकदम बिघडतं, कारण दोन्हीचं मूळ एकच आहे. ओव्हनमधली उष्णता बाहेरून आत जाते. छाती सगळ्यात वर, उघडी, जवळजवळ चरबी नसलेली, त्यामुळे ती लवकर तापते. सारणाचा मध्य सगळ्यात आत. त्याला मिळणारी उष्णता आधी मांसातून आणि मग पावाच्या पोकळ तुकड्यांतून पोहोचते, आणि पावातून उष्णता फार हळू सरकते. शिवाय शिजताना टर्कीचा कच्चा रस त्या सारणात उतरतो, म्हणून ते सारण मांसाइतकंच तापायला हवं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम स्पष्ट आहे: छाती, मांडी आणि सारणाचा मध्य, तिन्ही ठिकाणी किमान १६५ अंश. (इथे सगळीकडे अंश फॅरनहाइटच, १६५ म्हणजे सुमारे ७४ सेल्सियस.) थंड सारण दाबून भरलं, तर छाती १६५ला पोहोचते तेव्हा सारण १३५-१४०लाच असतं. ते १६५ला येईपर्यंत छाती १८०च्या पुढे जाते, आणि तिथे रस निघून गेलेला चोथा उरतो. मांडीचं तसं नाही. तिच्यात चरबी आणि चिवट ऊती जास्त, त्यामुळे ती १७५-१८०लाच खरी मऊ होते.

म्हणजे छाती आणि सारण यांच्यातलं अंतर कमी करायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी वितळवणं, कारण गुरुवारी सकाळचे निम्मे घोटाळे इथून सुरू होतात. फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पौंडांना २४ तास लागतात. १४ पौंडांना साडेतीन दिवस धरा. शनिवारी सकाळी टर्की वेष्टनासकट, खोलगट ताटात, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे मंगळवारी रात्री ती मोकळी झालेली असेल. विसरलात तर गार पाण्याचा मार्ग आहे: गळणार नाही अशा वेष्टनात पूर्ण बुडवून, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, दर पौंडाला अर्धा तास. म्हणजे १४ पौंडांना सात तास, आणि अशी वितळवलेली टर्की लगेच शिजवायला घ्यावी लागते. ओट्यावर रात्रभर ठेवू नका. आत बर्फ असतानाच बाहेरचं मांस ४० अंशांच्या वर जातं आणि तिथे जिवाणू तासन्‌तास वाढत राहतात. गुरुवारी सकाळी पोटात हात घातल्यावर बर्फ लागला, तर त्या दिवशी सारण पोटात भरायचा बेत सोडून द्या. बर्फाळ पोटातलं सारण वेळेत तापत नाही. टर्की तशीच भाजा, सारण वेगळ्या भांड्यात करा.

मंगळवारी रात्री वेष्टन काढलं की पोटातून आणि मानेकडच्या पोकळीतून, दोन्हीकडून, ठेवलेल्या वस्तू बाहेर काढा. मान एका बाजूला असते आणि काळीज (हृदय), कलेजी (लिव्हर), पेटा (गिझर्ड) यांची पिशवी बरेचदा दुसऱ्या बाजूला, मानेच्या लोंबत्या कातडीखाली. एक सापडली की लोक दुसरीकडे बघत नाहीत. मान, काळीज आणि पेटा स्टॉकसाठी ठेवा. कलेजी स्टॉकमध्ये घालू नका, कडवटपणा येतो.

आणि टर्की धुऊ नका. चिकन हळद-मीठ लावून नळाखाली धुवायची आपली सवय पक्की आहे, पण १४ पौंडांचं धूड सिंकमध्ये धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर, सॅलडच्या भांड्यावर, भांडी पुसायच्या फडक्यावर जातात, आणि साल्मोनेला-कॅम्पिलोबॅक्टर त्यांच्याबरोबर. धुतल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते पसरतात. शिवाय ओल्या कातडीला रंग चढत नाही. किचन पेपरने आतून-बाहेरून कोरडी टिपून घ्या, एवढं पुरे.

आता मीठ. छाती रसाळ राहावी म्हणून करण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. मीठ मांसात मुरलं की तिथली प्रथिनं सैल होतात आणि तापल्यावर पाणी कमी सोडतात. त्यामुळे सारणाची वाट बघताना छाती १७० पर्यंत गेली तरी खाण्यालायक राहते. १४ पौंडांना ४५ ग्रॅम मीठ घ्या. चमच्यापेक्षा वजनावर भरवसा ठेवा, कारण मिठामिठात फार फरक असतो: ४५ ग्रॅम म्हणजे साधं टेबल सॉल्ट अडीच टेबलस्पून, मॉर्टन कंपनीचं कोशर (जाडसर) मीठ सुमारे तीन, आणि डायमंड क्रिस्टलचं कोशर सुमारे पाच. पाच टेबलस्पून लिहिलेली रेसिपी बारीक मिठाने केलीत तर टर्की खारट होणारच. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सैल करून निम्मं मीठ थेट मांसावर चोळा, उरलेलं मांड्यांना आणि पोटात. मग जाळीवर ठेवून, न झाकता, गुरुवारपर्यंत फ्रिजमध्ये. कातडी कागदासारखी कोरडी दिसू लागेल. तशीच हवी आहे.

मात्र मीठ लावण्याआधी लेबल वाचा. बऱ्याच गोठवलेल्या टर्कींमध्ये कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि वेष्टनावर ‘अमुक टक्के सोल्युशन’ असं छापलेलं असतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनुसार तयार केलेली टर्कीही आधीच मीठ लावलेली येते. अशा टर्कीला पुन्हा ४५ ग्रॅम मीठ लावायचं नाही. कातडीवर चिमूटभर भुरभुरवा आणि सोडून द्या, नाहीतर ग्रेव्ही तोंडात धरवणार नाही.

मसाल्याबद्दल विचारलंच जातं, म्हणून इथेच सांगतो. तिखट, गरम मसाला, लसूण कातडीवर लावून चार तास ओव्हनमध्ये ठेवलं की ते करपून कडू होतं. हवं असेल तर मसाला लोण्यात कालवून कातडीच्या आत, मांसावर लावा. दह्यातलं मॅरिनेशन कातडी ओली ठेवतं, म्हणून तेही आतूनच. कच्ची पपई किंवा भरपूर आलं दोन दिवस लावून ठेवू नका, वरचं मांस पिठूळ होतं.

सारण बुधवारी निम्मं करून ठेवता येतं. सव्वा पौंड, म्हणजे साधारण ५७० ग्रॅम, गोड नसलेला पांढरा पाव घ्या. त्याचे पाऊण इंची तुकडे करून २५० अंशांवर पाऊण-एक तास, अधूनमधून हलवत, वाळवा. नुसता शिळा पाव आणि वाळवलेला पाव यांत फरक आहे. शिळा पाव स्टॉक पडताच लगदा होतो, वाळवलेला पाव स्टॉक शोषूनही आकार धरून राहतो. दोन मोठे कांदे आणि सेलरीच्या चार दांड्या बारीक चिरून ठेवा. मान, काळीज आणि पेटा सहा-सात कप पाण्यात, एक कांदा, एक गाजर आणि तेजपान घालून दोन तास मंद उकळा. गाळून पाच-साडेपाच कप स्टॉक मिळेल, तो सारणाला आणि ग्रेव्हीला दोन्हीला पुरतो. त्यात मीठ घालू नका.

ओलं आणि कोरडं मात्र गुरुवारीच एकत्र करायचं. ११५ ग्रॅम लोण्यात (म्हणजे एक स्टिक) कांदा-सेलरी मऊ होईपर्यंत दहा मिनिटं परता. दोन टेबलस्पून चिरलेला ताजा सेज, एक टेबलस्पून थाईम, मूठभर पार्स्ली, एक टीस्पून मीठ आणि मिरपूड घाला. हे गरम मिश्रण पावावर ओता, त्यावर दीड कप कढत स्टॉक, आणि शेवटी फेटलेली दोन अंडी भराभर कालवून घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी ओघळू नये, इतपत ओलावा हवा. थोडं कोरडं वाटलं तरी चालेल, पोटात गेल्यावर ते टर्कीचा रस पिणार आहे. मागच्या वर्षीच्या गिच्चपणाचं दुसरं कारण बहुधा हेच: भांड्यात भाजायच्या सारणाइतका स्टॉक पोटातल्या सारणात गेला. सॉसेज, खिमा, ऑयस्टर किंवा गोव्याचं चोरीस (मसालेदार सॉसेज) घालायचं असेल तर ते आधी पूर्ण शिजवून, तेल निथळून घाला. भाताचं सारण करणार असाल तर भात शिजलेला आणि गरम असू द्या. कच्चा तांदूळ फुगून पोट गच्च करतो आणि मध्य कच्चाच राहतो.

सारण गरमच भरायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्रिजमधलं सारण ४० अंशांवरून सुरू होतं. मायक्रोवेव्हमध्ये १२०-१३० अंशांपर्यंत तापवून भरलं तर निम्म्याहून जास्त वाट आधीच कापलेली असते. पण मग एक मिनिटही रेंगाळायचं नाही. ओव्हन तापलेला, टर्की पॅनवर तयार, दोरा कापलेला, आणि सारण भरलं की थेट आत. गरम सारण भरून टर्की ओट्यावर ठेवली आणि पाहुण्यांचा फोन घेतला, असं चालणार नाही. सारण आदल्या रात्री भरून ठेवणं तर कुठल्याच परिस्थितीत नको.

किती भरायचं? दर पौंडाला पाऊण कप ही वरची मर्यादा, म्हणजे १४ पौंडांना साडेदहा कप. मी आठच सांगेन: सात पोटात, एक मानेच्या पोकळीत. सैल भरा, चमचा ठेवून दाबू नका. उरलेल्या सारणात थोडा जास्तीचा स्टॉक घालून ते वेगळ्या भांड्यात भाजा. एक सोय फार कामाची आहे: श्रीखंडाचा चक्का टांगायला वापरतो तसं स्वच्छ, बिनरंगाचं मलमलचं कापड नुसत्या पाण्यात उकळून घ्या, सारण त्यात सैल बांधून पुरचुंडीच पोटात सरकवा आणि गाठीची शेपटी बाहेर ठेवा. सारण काढायची वेळ येते तेव्हा अख्खी पुरचुंडी एका ओढीत बाहेर येते.

गुरुवारी सकाळी साडेदहाला टर्की फ्रिजबाहेर काढा. सारण तयार होईपर्यंत छातीवर बर्फाची बंद पिशवी ठेवलीत तर मांड्या थोड्या कोमट होतात, छाती गार राहते, आणि छातीला तेवढी सवलत मिळते. ओव्हन ३२५ अंशांवर, जाळी सगळ्यात खालच्या खाचेत. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर टांगून बघा, घरगुती ओव्हन २५ अंशांनी इकडेतिकडे असणं अगदी सर्रास आहे. पंख्यावर, म्हणजे कन्व्हेक्शनवर भाजणार असाल तर ३०० ठेवू नका. भरलेल्या टर्कीला ३२५च्या खाली जायचं नाही. पॅन दोन-अडीच इंच खोल, त्यात जाळी, खाली कांदा-गाजराचे जाड तुकडे आणि दोन कप पाणी, म्हणजे गळणारा रस जळत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा वापरून फेकायचा पॅन आणला असेल तर तो जाड बेकिंग ट्रेवर ठेवा. नाहीतर भरलेली टर्की उचलताना तो मधोमध वाकतो आणि कढत चरबी पायावर येते.

पाय दोऱ्याने सैल बांधा. आवळून मांड्या छातीला चिकटवल्या तर मांडीच्या सांध्यापर्यंत उष्णता पोहोचत नाही. पंखांची टोकं पाठीमागे दुमडा. सगळ्या कातडीला तेल लावा. फॉइलच्या दुहेरी घडीचा मोठा त्रिकोण करून आतून तेल लावा आणि तो सुरुवातीपासूनच छातीवर चापून बसवा, मांड्या उघड्या ठेवून. लोक फॉइल शेवटी, रंग गडद झाल्यावर घालतात. तोवर छाती पुढे निघून गेलेली असते. शेवटच्या पाऊण ते एक तासासाठी फॉइल काढा. दोन दिवस फ्रिजमध्ये कोरडी झालेली कातडी तेवढ्या वेळात सोनेरी होते.

दर अर्ध्या तासाने दार उघडून रस ओतत बसू नका. तो रस मांसात शिरत नाही, कातडी ओली होते, आणि प्रत्येक वेळी ओव्हन थंड होऊन सारणाची वाट आणखी लांबते.

अकरा वाजता आत. १२ ते १४ पौंडांच्या भरलेल्या टर्कीला ३२५वर साडेतीन ते चार तास लागतात, म्हणजे अडीच ते तीनच्या दरम्यान झाली पाहिजे. पण घड्याळ फक्त बघायला कधी सुरुवात करायची हे सांगतं. शिजल्याची खूण म्हणून टर्कीत आधीच टोचलेलं प्लास्टिकचं बटण वर आलं यावरही विसंबू नका, ते एकाच जागेचं तापमान सांगतं आणि सारणाचं तर मुळीच नाही. मांडीतून येणारा रस स्वच्छ आहे का, हाडाजवळचं मांस गुलाबी आहे का, या खुणाही दगा देतात. पुरेसं शिजलेलं मांस हाडाजवळ गुलाबी असू शकतं. पंधरा-वीस डॉलरांचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि बर्फाच्या पाण्यात ३२ दाखवतो का ते आधी तपासा.

पावणेदोनला पहिलं मोजमाप. छातीत थर्मामीटरचं टोक मानेच्या बाजूने, सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता. मांडीत आतल्या बाजूने, पायाच्या सांध्याजवळ. सारणात अगदी मधोमध, आणि दर वेळी थर्मामीटरचं टोक साबणाने पुसून. तिन्ही आकडे कागदावर लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं की कोण किती वेगाने चढतंय हे कळतं आणि पुढचा अंदाज बांधता येतो. छाती १५०, सारण १४५, असं जवळपास चाललं असेल तर काहीच करू नका.

छाती १६०वर आली आणि सारण अजून १५०च्या खालीच असेल, तर टर्कीला आणखी तासभर शिक्षा देण्यात अर्थ नाही. छाती १६५ आणि मांडी १७० झाली की टर्की बाहेर काढा. पुरचुंडी ओढून काढून सारण लोणी लावलेल्या भांड्यात पसरा, ४०० अंशांच्या ओव्हनमध्ये १६५ होईपर्यंत ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत होतं, वरून कुरकुरीतही होतं, आणि टर्कीचा रस त्यात आधीच उतरलेला असल्यामुळे चवीत काही कमी होत नाही. मागच्या वर्षी एवढं केलं असतं तरी जेवण सावरलं असतं. हा पर्याय हाताशी असला की मनावरचं ओझंही उतरतं.

सगळं ठीक १६५वर आलं तर टर्की बाहेर काढून वीस-तीस मिनिटं तशीच ठेवा, वर फॉइल नुसती टेकवून. लगेच कापली तर रस पाटावर वाहून जातो. मग आधी सारण पूर्ण बाहेर काढा, नंतर टर्की कापा: पाय-मांडी सांध्यातून वेगळी, मग छातीचा अख्खा अर्धा भाग हाडापासून सोडवून तो आडवा, धाग्यांच्या विरुद्ध कापायचा. हाडावरच उभे पातळ काप काढले तर लांब धागे तोंडात येतात आणि रसाळ मांसही कोरडं वाटतं.

ग्रेव्ही याच वेळात. पॅनमधला रस गाळून वरची चरबी वेगळी करा. चार टेबलस्पून चरबीत पाच टेबलस्पून मैदा बदामी होईपर्यंत परता, स्टॉक आणि गाळलेला रस मिळून चार कप थोडाथोडा घालत ढवळा, दहा मिनिटं मंद उकळा. मीठ अगदी शेवटी, चाखून. टर्कीला मीठ लावलेलं असल्यामुळे रसच पुरेसा खारट असतो.

तीन शाकाहाऱ्यांचं सारण पहिल्यापासून वेगळं करा, पाव वाळवल्यानंतर लगेच त्यांचा वाटा बाजूला काढा. भाज्यांचा स्टॉक, अंडी चालत नसतील तर त्याऐवजी थोडं जास्त लोणी आणि अर्धा कप जास्तीचा स्टॉक, हवे तर परतलेले मश्रूम आणि अक्रोड. ते टर्कीच्या खाली ओव्हनमध्ये ठेवू नका. टर्की बाहेर येऊन विसावत असते तेव्हा ओव्हन रिकामाच असतो. त्यात ४०० अंशांवर वीस मिनिटं झाकून आणि दहा मिनिटं उघडं, एवढ्यात होतं. वाढायला वेगळा चमचा, आणि त्यांच्यासाठी मश्रूमची वेगळी ग्रेव्ही. रताळ्यांवर मार्शमेलो घालणार असाल तर त्यात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनवलेलं) असतं, आणि वूस्टरशर सॉसमध्ये मासा. दोन्हींची लेबलं आधी वाचा, पानात वाढल्यावर सांगायची वेळ येऊ नये.

उरलेलं मांस आणि सारण दोन तासांच्या आत, वेगवेगळ्या उथळ डब्यांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. खोल पातेल्यात ठेवलं तर मध्य तासन्‌तास कोमट राहतो. तीन-चार दिवसांत संपवा, आणि गरम करताना पुन्हा १६५ पर्यंत तापवा. सांगाडा त्याच रात्री पातेल्यात मावेल इतका मोडून मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवता आला तर उत्तम. नाही जमलं तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका.